गव्हर्नरसाहेबांची लेक

वंशावळी लावणाऱ्यांचा एक जुना रोग आहे. घराण्यात राजा नसला तर निदान सरदार तरी निघावा! हसू नका, इथल्या निम्म्या घरांचा मूळपुरुष पेशव्यांच्या पदरी होताच. तर आधी अमेरिकेतल्या हाउलँड घराण्याचा किस्सा सांगतो, मग आजच्या विषयाकडे, म्हणजे लेकींच्या वंशाकडे वळू.

जॉन हाउलँड 1620 साली इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेला नेणाऱ्या मेफ्लॉवर जहाजावर चढला तो जॉन कार्व्हर यांचा नोकर म्हणून. वादळात गडी वर डेकवर आला आणि थेट समुद्रात! शिडाचा एक दोर पाण्यात लोंबत होता, तो त्याने धरला. पाण्याखाली गेला तरी सोडला नाही. शेवटी आकडीने ओढून काढला. तो दोर सुटता तर त्याच्या वंशातले राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट नाहीत, सिनेनट हम्फ्री बोगार्ट नाही, राष्ट्राध्यक्ष बुश पितापुत्रही नाहीत. (शेवटच्या नावांना टाळ्या कशाला?)

पहिल्याच हिवाळ्यात निम्मी माणसं गेली. एलिझाबेथ टिली या पोरीचे आईवडील, काका-काकू सगळे त्यात गेले. नव्या वसाहतीचे गव्हर्नर झालेले कार्व्हर 1621 च्या वसंतात वारले. पुढे हाउलँडने एलिझाबेथशी लग्न केलं, दहा मुलं झाली.

पुढच्या पिढ्यांना मात्र तिचं माहेर आठवेना. मग त्यांनी तिला माहेर मिळवून दिलं, तेही खुद्द गव्हर्नरचं! नोकराला साहेबांचा जावई केला. वसाहतीच्या प्लिमथ गावात टेकडीवरच्या त्याच्या स्मारकाच्या दगडावर तसं कोरलंसुद्धा. कार्व्हर दांपत्यामागे मूलच उरलं नव्हतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

नंतरचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी या वसाहतीची बखर लिहून ठेवली होती. ती अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत बॉस्टनहून नाहीशी झाली आणि 1855 मध्ये सापडली कुठे, तर लंडनच्या बिशपांच्या ग्रंथसंग्रहात! त्यात स्वच्छ लिहिलंय, एलिझाबेथ ही जॉन टिलीची मुलगी. दगड बदलावा लागला.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मुख्य मुद्दा भराभर. दहा मुलांत लेकी सहा. थोरली डिझायर झाली गोरम, होप झाली चिपमन. आडनाव धरून शोधलंत तर पहिल्याच पिढीत निम्म्याहून जास्त वंश हातचा जातो. उलट हाउलँड दिसला की तो जॉनचाच, असंही नाही. त्याचे भाऊ आर्थर आणि हेन्री मागाहून आले. राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि फोर्ड हेन्रीच्या वंशातले. मेफ्लॉवरच्या वंशजांची 1897 साली स्थापन झालेली संस्था लेकीकडून आलेला वंशही मानते, फक्त प्रत्येक पिढीचा पुरावा मागते.

ब्रॅडफर्डने 1651 च्या सुमारास काय मोजलं पाहा : दहाही मुलं हयात, थोरल्या लेकीला चार मुलं, दुसरीला एक. आपल्याकडच्या कित्येक कुलवृत्तांतांत ही पाचही नातवंडं ‘कन्या दोन’ एवढ्यात संपली असती.