वडावरचा माळा, कागदाच्या लगद्याचा

नमस्कार मंडळी, आज आपण झाडावरचं घर बांधायचंय, ट्री हाउस म्हणतात ना ते, पण एवढंसं, टीव्हीशेजारी मावेल इतकं, कागदाचा लगदा आणि पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, वापरून.

माझ्या डोक्यात हे आलं ते आमच्या आज्जाच्या माळ्यामुळे. जोंधळा भरायला लागला की आज्जा शेतातल्या वडावर माळा बांधायचा, फांद्यांच्या बेचक्यात लाकडं टाकून वर गवताचं छप्पर, आणि तिथे बसून दिवसभर गोफणीने पाखरं हाकलायचा. आता तो वडही नाही. म्हणून मला तो माळा हातात धरता येईल असा परत हवा होता.

तर आधी झाड करा, घर नंतर. बरेच जण उलटं करतात, घर सुंदर करतात, खिडक्या-बिडक्या सगळं, आणि मग झाड ते पेलतच नाही. हार्डवेअरच्या दुकानात बाइंडिंग वायर मिळते, सळया बांधायला वापरतात ती, तिचे दीड-दोन फुटांचे पंधरा-वीस तुकडे घ्या आणि मधे पिळा, ते झालं खोड, खालची टोकं मोकळी करून मुळं पसरा आणि प्लायवर खिळ्यांनी पक्की करा, वरच्या टोकांच्या फांद्या. मी अर्धा इंच म्हणजे एक फूट असं माप धरलं, म्हणजे सहा फुटी माणूस तीन इंचांचा आणि तीस फुटी वड पंधरा इंचांचा. मग चुरगळलेला पेपर भरून मास्किंग टेप गुंडाळा आणि वर मैद्याच्या खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या, तीन-चार थर. पट्ट्या हाताने फाडा हं, कात्रीने कापलेली कड शेवटपर्यंत दिसते.

लगदा म्हणजे काय ते घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. कागद भिजवून त्यात मेथ्या वाटून टाकायच्या आणि जुन्या टोपल्या त्याने लिंपायच्या, मेथीने चिकटपणाही येतो आणि किडेही लांब राहतात. मी अंड्यांचे ट्रे वापरते, ते मुळात लगद्याचेच असतात त्यामुळे रात्रभर भिजवले की मिक्सरमध्ये लगेच बारीक होतात, मग फडक्यात पिळून मेथी पावडर, थोडं फेविकॉल आणि खडूची पावडर घालून कणकेसारखं मळायचं. पातळ थर द्या आणि वाळू द्या, पुरता वाळू द्या! माझं पहिलं झाड मी पावसाळ्यात केलं, आतून ओलं असताना घाईने वर पीओपी फासलं, आणि दोन आठवड्यांत बुंध्यावर काळी बुरशी आली, फार वाईट वाटलं, सगळं फोडून टाकावं लागलं.

आता पीओपी. जिप्सम साधारण दीडशे डिग्रीला भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि ही पावडर उरते, आपण पाणी घातलं की ती ते परत घेते आणि पुन्हा जिप्सम होते, म्हणून घट्ट होताना हाताला गरम लागतं, जाड गोळ्यात बोट मात्र रुतवून ठेवू नका, भाजू शकतं. पाण्यात पावडर टाकायची, पावडरवर पाणी नाही. एक वाटी पाण्याला अंदाजे दोन वाट्या पावडर, आणि थोडं थोडंच कालवा, कारण दहा-पंधरा मिनिटांत खेळ संपतो. अजून एक, कोरडा कागद पीओपीतलं पाणी पिऊन टाकतो आणि मग वरचा थर भुसभुशीत होतो, म्हणून आधी पातळ फेविकॉलचा हात मारून घ्या. तोंडाला मास्क लावा आणि उरलेलं सिंकमध्ये अजिबात ओतू नका, पाइपमध्ये दगड होईल.

थर श्रीखंडाइतका दाट झाला की जुन्या टूथब्रशने उभ्या रेघा ओढा, साल तयार. आणि पारंब्या! सुतळी उसवून पातळ पीओपीत बुडवायची आणि फांदीवरून सोडून द्यायची, वाळली की ताठ. मला अख्ख्या कामात हेच सगळ्यात आवडतं, पहिली पारंबी लोंबली की त्या झाडाचा वड होतो.

घर सोपं आहे, आइस्क्रीमच्या काड्यांच्या फळ्या, खराट्याच्या हिरांची शिडी, काथ्याचं छप्पर. रंग देताना आधी सगळीकडे गडद तपकिरी, आणि तो वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी.

मी माळ्याच्या खुंटीला दोऱ्याची छोटी गोफण अडकवली आणि आज्जीला दाखवायला नेला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, गोफणीला बोट लावलं आणि म्हणाली, "आन् खडं कुठं हायत गं?" मग अंगणातून बाजरीएवढे दहा-बारा खडे वेचून आणले आणि तिनेच ते फळीच्या कोपऱ्यात रचले.