बिघडलेली लय, थकलेले हृदय

श्रोतेहो, नमस्कार. हृदयाचा स्नायू दुबळा झाला की ठोके अनियमित होऊ शकतात, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले असते. याच्या उलटही घडते, आणि आज त्याविषयीच बोलायचे आहे. ठोक्यांची लय दीर्घकाळ बिघडलेली राहिली, तर मुळात निरोगी असलेला स्नायूही थकतो, हृदयाचे कप्पे पसरतात आणि रक्त पुरेशा जोराने पुढे ढकलले जात नाही.

प्राण्यांवरील प्रयोगांत हे स्पष्ट दिसले आहे. पेसमेकर लावून हृदय सतत वेगाने चालवले, तर काही आठवड्यांतच ते निकामी होऊ लागते. वेग पूर्ववत केला की बऱ्याच अंशी सावरते. हृदयाच्या स्नायूला स्वतःसाठीचे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळते, आणि वेग वाढला की नेमका तोच विसावा आखडतो. शिवाय पेशींतील ऊर्जेचा साठा आटतो, कॅल्शियमची ये-जा विस्कळीत होते आणि आकुंचनाचा जोर उतरतो.

दोष दर वेळी वेगाचाच असतो असे मात्र नाही. हृदयाचे दिवसभरात सुमारे १ लाख ठोके पडतात. त्यांतले १० टक्क्यांहून अधिक ठोके खालच्या कप्प्यांतून अवेळी उमटत असतील, तर एरवीचा वेग सामान्य असूनही धोका संभवतो, कारण अशा ठोक्यात स्नायूचे सगळे भाग एकाच वेळी आकुंचन पावत नाहीत. क्वचित चुकणारा एखादा ठोका बहुतेकांना कधीतरी जाणवतो; त्याने घाबरून जाऊ नये.

खरी अडचण निदानाची आहे. कित्येकांना धडधड जाणवतच नाही, आणि ते डॉक्टरांकडे येतात ते दम लागतो किंवा पाय सुजतात म्हणून. लय बिघडल्याने स्नायू थकला, की आजारी स्नायूमुळे लय बिघडली, हे पहिल्या भेटीत सहसा सांगता येत नाही. औषधांनी, विजेच्या नियंत्रित झटक्याने किंवा कॅथेटर अ‍ॅब्लेशनने (म्हणजे रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयात नेऊन लय बिघडवणारी जागा निकामी करण्याच्या उपचाराने) लय ताब्यात आणल्यावर साधारण ३ ते ६ महिन्यांत इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, सुधारणा दिसली, तरच निदान पक्के होते. म्हणून दुबळ्या हृदयाचे कारण सापडत नसेल, तर किमान २४ तासांची होल्टर तपासणी (अंगावर लावलेल्या छोट्या यंत्राने ठोक्यांची सलग नोंद) टाळू नये, असे माझे मत आहे.

एकदा सावरलेल्या हृदयात लय पुन्हा बिघडली, तर स्नायू पहिल्यापेक्षा लवकर ढासळू शकतो. त्यामुळे इको चांगला आला तरी रुग्णाने औषधे स्वतःहून बंद करू नयेत आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी ईसीजी व होल्टर करून घेत राहावे.