तिथी बघून निघा

नमस्कार श्रोतेहो.

मी एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. गाडी किती वाजता लागेल, किती वाजता सुटेल, कुठे किती मिनिटं थांबेल, हे सांगण्यात माझी नोकरी सरली. तेव्हा वेळापत्रक या विषयात मला आता कोणी काही शिकवायचं उरलेलं नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती एका सहलीत उतरली.

झालं असं, की पुण्याहून माझा भाचा आला. म्हणाला, "मामा, कोकणात जन्म गेला तुमचा, पण कोकण बघितलंत का?" खरं सांगायचं तर नव्हतं बघितलं. गाड्या सोडणारा माणूस स्वतः गाडीत कधी बसतो? भाच्याने मोबाइलवर यादी केलीच होती. अलिबागपासून मालवणपर्यंत, तीन दिवसांत तेवीस ठिकाणं. प्रत्येकापुढे मिनिटं लिहिलेली. मला ते कागदावर फार आवडलं. माझ्याच हाताखाली तयार झालेला मुलगा वाटला.

पहिल्या दिवशी भर दुपारी अलिबागला पोचलो. पौर्णिमा होती. कुलाबा किल्ला समोर, आणि मध्ये नुसतं पाणी. जिथून लोक चालत जातात म्हणून वाचलं होतं तिथे लाटा फुटत होत्या. किनाऱ्यावर उभे राहून भेळ खाल्ली आणि पुढे निघालो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गुहागरजवळ हेदवीला पोचलो, बामणघळ बघायला. खडकात समुद्राने चिरलेली ती अरुंद फट. त्यात लाट घुसली की पाण्याचा उंच फवारा उडतो, तोच बघायचा असतो. आम्ही गेलो तर फटीत तळाला थोडं पाणी लुकलुकत होतं आणि एक खेकडा आमच्याकडे बघत होता. तिथून तवसाळच्या धक्क्यावर आलो तर जयगडला जाणारी शेवटची फेरीबोट सुटून गेलेली. पलीकडे जयगडचे दिवे दिसतायत, आणि आम्ही अख्ख्या शास्त्री खाडीला वळसा घालायला गाडी मागे फिरवतोय. भाचा गप्प. मी त्याहून गप्प.

धक्क्यावर एक म्हातारा जाळं विणत बसला होता. मी त्याला सगळी कहाणी सांगितली. त्याने मान वर न करता विचारलं, "निघालात तेव्हा तिथी कुठली होती?"

तर श्रोतेहो, आजचं माझं बोलणं एवढ्या एका प्रश्नावर आहे. आपल्याकडची सहल आखायची तर पंचांग उघडून आखावी. मुहूर्तासाठी नव्हे, पाण्यासाठी.

बंदरावरच्या माणसांना हा हिशोब तोंडपाठ असतो, पण आपण सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळपठारावरची, आणि बाजारपेठेतली माणसं तो विसरलो. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. भरतीच्या सहा तास अलीकडे-पलीकडे सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्यावी, पण घरबसल्या बेत ठरवायला पाऊणपट पुरे. आणखी एक लक्षात ठेवायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही.

आता माझ्या त्या फसलेल्या सहलीकडे बघा. बामणघळीला हवी उधाणाची भरती, तीही दिवसाउजेडी. म्हणजे पौर्णिमेची दुपार. कुलाबा किल्ल्यात चालत जायला हवी खोल सुकती, तीही सकाळची. म्हणजे चतुर्थी-पंचमीला नऊ ते पावणेदहा. आम्ही अलिबागला पौर्णिमेला आणि हेदवीला द्वितीयेच्या संध्याकाळी. दोन्हीकडे अगदी उलट. याहून चुकीचं वेळापत्रक मी नोकरीत कधी केलं नसतं.

मग डोक्यात आलं, ही सहल उलटी केली तर? सगळे मुंबई-पुण्याकडून खाली उतरत येतात. आपण दक्षिणेकडून वर चढलो तर हेदवीला पौर्णिमा आणि अलिबागला वद्य चतुर्थी बरोबर सापडते. पुढच्या वर्षी कार्तिकात मी आणि भाचा तसेच निघालो. पावसाळ्यात किल्ल्यांच्या होड्या बंद असतात, आणि कार्तिकापर्यंत समुद्र शांत होऊन हवाही कोरडी होते.

कोकण रेल्वेने कुडाळला उतरलो आणि एकादशीला मालवणात. सिंधुदुर्गाविषयी मी इथल्या श्रोत्यांना काय सांगणार? 25 नोव्हेंबर 1664 ला महाराजांनी कुरटे बेटावर पायाभरणी केली, हे शाळेत आपण सगळ्यांनी घोकलंय. मला मात्र तिथल्या तीन विहिरींनी धरून ठेवलं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं. खडकात मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं म्हणून हे होतं, असं भाच्याने समजावलं. मी म्हटलं, समजलं, पण एक तांब्या पिऊ दे आधी.

विजयदुर्गाला मी एक दिवस पूर्ण द्या म्हणेन. खाडीच्या तोंडावर बसलेला, एकात एक तटबंद्या असलेला हा किल्ला घाईत बघितला तर नुसती पायपीट होते. 1756 मध्ये इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला आणि त्या धामधुमीत आंग्र्यांचं आरमार जळालं. आपल्याच लोकांनी आपलं आरमार जाळायला परक्यांना हात दिला, हे तिथल्या बुरुजावर उभं राहून आठवलं की घास कडू होतो. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवतात. 1868 च्या 18 ऑगस्टच्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने इथून हेलियम शोधला, असं सांगतात. ग्रहण खरं, पण सूर्यप्रकाशातली हेलियमची खूण असलेली पिवळी रेघ लॉकियरने पाहिली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, आणि इंग्लंडमध्ये बसून. हे तिथे मोठ्याने बोलू नका, गावकऱ्यांना आवडत नाही. मलाही कळलं तेव्हा आवडलं नव्हतं. विजयदुर्गाहून निघताना गिर्ये गावाजवळची कातळात खोदलेली गोदी मात्र चुकवू नका. तिथे गर्दी नसते.

त्रयोदशी आणि चतुर्दशी आम्ही सड्यावर घालवली. इथे जरा थांबतो, कारण इथेच आपलं सर्वात जास्त दुर्लक्ष झालंय. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी. आपण या सड्यांवर गुरं सोडली, गवत कापलं, आणि पायाखाली कातळात काय कोरलंय ते बघितलं नाही. बघितलं त्यांनीही 'पांडवांनी केलं' म्हणून सोडून दिलं. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव फिरून शेकडो चित्रं उजेडात आणली. 2022 मध्ये त्यातली काही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती साधारण अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे, म्हणजे एसटीची अख्खी गाडी उभी केली तरी हत्ती उरतो. आणि त्याच्या पोटात दुसरे प्राणी कोरलेले, मासे, पक्षी, चार पायांचे. काही सड्यांवर गेंडाही आहे. कोकणात गेंडा! ज्याने कोरला त्याने तो पाहिला असणार, नाहीतर शिंग इतकं बरोबर बसतं कुठे?

पण इथेही वेळेचा प्रश्न आहे, फक्त समुद्राऐवजी उन्हाचा. चित्रं उथळ असतात. दुपारी बाराला जाल तर सपाट कातळ दिसेल आणि डोकं तापेल. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर जा. तिरपं ऊन पडलं की रेघेच्या एका कडेची सावली पडते आणि हत्ती जमिनीतून उठून उभा राहतो. पाणी बरोबर न्या, सड्यावर सावली नाही. आणि पायातली चप्पल काढून बाजूला उभे राहा, चित्रावर चालू नका. हे सांगायला लागतं, कारण फोटोसाठी हत्तीच्या पाठीवर बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

चतुर्दशीला मालगुंडला मुक्काम केला, म्हणजे पौर्णिमेला सकाळी जयगड हाताशी. फेरीबोटीतून तवसाळ, तिथून हेदवी. पावणेबाराला आम्ही बामणघळीच्या वरच्या खडकावर लांब उभे. लांब हे मुद्दाम सांगतो, ओल्या खडकावर पाय घसरला तर त्या फटीतून माणूस परत येत नाही. पहिल्यांदा आवाज येतो. पोटातून यावा तसा. मग पाणी सरळ वर. भाचा ओरडला आणि मी घड्याळ बघितलं. सवय.

त्या रात्री त्रिपुरी पौर्णिमा. शंकराच्या देवळात त्रिपूर पाजळले होते, दीपमाळेवर पणत्या. हा योग आम्ही ठरवलेला नव्हता, पण पंचांगाने सहल आखली की असं फुकटात हाताला लागतं.

पुढचा पल्ला भराभर सांगतो. धोपाव्याहून दाभोळ फेरीबोटीने. दाभोळच्या खाडीकाठची जुनी मशीद पाहून, हे एके काळी विजापूरकरांचं मोठं बंदर होतं हे पटतं, एरवी पटत नाही. मग हर्णै. तिथे दुपारी उशिरा पोचा, मासळीचा लिलाव गाठता येतो. बैलगाड्या थेट पाण्यात घालून मासळी आणतात, तो गोंधळ बघण्यासारखा. सकाळी होडीने सुवर्णदुर्ग, पायजमा वर दुमडायची तयारी ठेवून. दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलंय आणि तटावर मारुती. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी हे आपले किनाऱ्यावरचे चार किल्ले जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले, मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत. आता गर्दी वाढेल. लवकर जाऊन या.

वेश्वी-बागमांडला, मग दिघी-आगरदांडा, अशा दोन फेऱ्या करून राजपुरी. जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून जाताना दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. मराठ्यांना हा किल्ला शेवटपर्यंत मिळाला नाही. त्याच्यावर वचक म्हणून महाराजांनी जवळच पद्मदुर्ग बांधला. पद्मदुर्गाच्या तटाला हात लावून बघा. खाऱ्या हवेने दगड झिजलेत, आत गेलेत, आणि दोन दगडांमधला चुना तेवढा बाहेर उभा आहे, मधाच्या पोळ्यासारखा. तिथे जायला होडी रोजची नाही, मुरूडच्या कोळीवाड्यात आदल्या दिवशी विचारून ठेवावं लागतं.

हे मनात ठेवून चतुर्थीला कुलाब्यात जा. तिथे बरोबर उलट आहे. मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाहीच. लाट आदळली की पाणी फटीतून आत शिरतं, जोर मोडतो, तट हलत नाही. समुद्र तोच आणि काळही जवळपास तोच, पण दोन गवंड्यांची डोकी दोन दिशांना चाललेली. एका सहलीत चोवीस तासांच्या अंतराने हे दोन तट बघितले तरच हे लक्षात येतं.

आम्ही मुरूडहून पहाटे निघालो. वाटेत कोर्लईला थांबायचं मनात होतं, तिथले लोक अजून घरात पोर्तुगीजवरून घडलेली बोली बोलतात, ती कानावर पडावी म्हणून. पण थांबलो तर सुकती चुकणार. सोडलं. यादीतलं एखादं ठिकाण सोडायला जीव तुटतो, तरी सोडावं. नऊला अलिबागच्या वाळूवर. गेल्या वर्षी जिथे लाटा होत्या तिथे ओली वाळू, शंख, आणि किल्ल्याकडे चाललेली माणसांची रांग. संकष्टी असल्यामुळे आतल्या सिद्धिविनायकाला गर्दी होती. दर्शन झालं, तट फिरून झाला, भाचा फोटो काढत बसला.

साडेदहाच्या सुमाराला एक बाई टोपली डोक्यावर घेऊन परत निघाल्या. मी विचारलं, "इतक्या लवकर?" त्या म्हणाल्या, "पाणी फिरलं, दादा." मी वाळूकडे बघितलं. मला काहीच फिरलेलं दिसलं नाही. पण भाच्याला हाक मारली, चपला हातात घेतल्या आणि त्यांच्या मागोमाग निघालो. अर्ध्या वाटेवर पाणी घोट्याला लागलं.

नमस्कार.