अलाबामातील फेडरल न्यायालयांच्या वास्तू

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या देशात तालुक्याच्या दिवाणी न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकच उतरंड आहे. अमेरिकेत मात्र राज्यांची न्यायालये वेगळी आणि केंद्राची, म्हणजे फेडरल, न्यायालये वेगळी. अलाबामात राज्याचे न्यायाधीश मतदानाने निवडले जातात, तर फेडरल जिल्हा न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने तहहयात नेमतात. हा फरक ध्यानात घेतला, तरच त्या राज्यातील काही जुन्या इमारतींचे महत्त्व कळते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केंद्र सरकार शहरोशहरी बहुधा एकच इमारत उभारत असे, आणि टपाल कार्यालय व न्यायदालन तिच्यातच सामावलेले असे. राजधानी मॉन्टगोमेरीतील १९३३ साली पूर्ण झालेली इमारत अशीच होती. पत्रे टाकायला येणाऱ्या सामान्य माणसाला वॉशिंग्टनचे सरकार दिसे ते अशाच वास्तूंमधून.

याच इमारतीत ११ मे १९५६ रोजी ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ या खटल्याची सुनावणी झाली. शहराच्या बसगाड्यांतील वर्णभेदाविरुद्ध ऑरेलिया ब्राउडर, क्लॉडेट कॉल्विन, सूझी मॅकडोनल्ड आणि मेरी लुईझ स्मिथ या कृष्णवर्णीय स्त्रियांनी दाद मागितली होती. बसमधील जागा गोऱ्या प्रवाशाला देण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचे नाव जगाला ठाऊक आहे, पण बसमधील वर्णभेद कायद्याने संपवणाऱ्या या खटल्यातील वादी मात्र या चौघी होत्या, हे फारसे सांगितले जात नाही. ५ जूनला तीन न्यायाधीशांपैकी रिचर्ड राइव्हज आणि फ्रँक जॉन्सन यांनी वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, सीबॉर्न लिन यांनी विरोधी मत नोंदवले, आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताचा निर्णय कायम केला.

जॉन्सन तेव्हा अवघ्या सदतीस वर्षांचे होते. पुढे मार्च १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी निघालेल्या सेल्मा ते मॉन्टगोमेरी पदयात्रेला परवानगी देणारा आदेशही त्यांनीच दिला. यात्रेला विरोध करणारे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस हे विधी महाविद्यालयातील त्यांचे सहाध्यायी. जॉन्सन यांना नागरी हक्क चळवळीचे पक्षपाती मानणे मात्र चुकीचे ठरेल. २० मे १९६१ रोजी या इमारतीला लागूनच असलेल्या ग्रेहाउंड बसस्थानकावर ‘फ्रीडम रायडर्स’ना, म्हणजे वर्णभेद मोडण्यासाठी कृष्णवर्णीय व गोरे मिळून बसने प्रवास करणाऱ्या कार्यकर्त्यांना, जमावाने मारहाण केली, तेव्हा जॉन्सन यांनी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवाद्यांच्या हिंसक संघटनेवर मनाईहुकूम बजावला, शहर पोलिसांना संरक्षणाचे कर्तव्य बजावण्यास भाग पाडले, आणि त्याचबरोबर अशा प्रवासयात्रांनाही काही दिवस मनाई केली. १९९२ पासून इमारतीला त्यांचे नाव आहे.

नावांचा विषय निघालाच आहे, तर इतर शहरांकडेही पाहू. बर्मिंगहॅममधील १९२१ सालची जुनी फेडरल इमारत आता रॉबर्ट व्हान्स यांच्या नावाने ओळखली जाते. अपील न्यायालयाचे हे न्यायाधीश डिसेंबर १९८९ मध्ये घरी टपालाने आलेल्या बाँबने मारले गेले. त्याच शहरातील १९८७ च्या नव्या न्यायालयाला ह्यूगो ब्लॅक यांचे नाव आहे. ब्लॅक तरुणपणी क्लॅनचे सदस्य होते, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात १९५४ साली शाळांतील वर्णभेद एकमताने रद्द करणाऱ्या न्यायाधीशांमध्येही होते. मोबाइल या शहरातील १९३० च्या दशकातील इमारतीला मात्र जॉन कॅम्पबेल यांचे नाव देण्यात आले. गुलामगिरीच्या बाजूने गेलेल्या ‘ड्रेड स्कॉट’ निकालात ते बहुमतासोबत होते, आणि १८६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा राजीनामा देऊन पुढे ते दक्षिणेच्या फुटीर सरकारात सहायक युद्धसचिव झाले. ज्या संघराज्याची साथ त्यांनी सोडली, त्याच संघराज्याच्या न्यायालयावर त्यांचे नाव असावे, हे मला तरी खटकते.

मोबाइलमध्ये २०१८ साली नवे न्यायालय सुरू झाले. मॉन्टगोमेरीत २००२ मध्ये जुन्या इमारतीला भव्य जोडइमारत मिळाली, पण जुनी वास्तू पाडली नाही. २०१५ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जाही मिळाला. शेजारच्या बसस्थानकात आता ‘फ्रीडम राइड्स’चे संग्रहालय आहे.