हवेचे भाडे

(दृश्य : तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची सदनिका. भिंतीवर खिळ्यांच्या खुणा. फरशीवर पसरलेली मोजपट्टी.)

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा आहे. पिंपरी-चिंचवडमधील काळेवाडीच्या या घरात नवरा मोजपट्टी धरतो आहे आणि बायको दोनशेपानी वहीत आकडे उतरवून घेते आहे. कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद. सोफा सहा फूट लांब, अडीच फूट खोल. दिवाण, फ्रीज, वॉशिंग मशीन, शिलाई मशीन, भांड्यांची मांडणी. नागपूरजवळच्या बुटीबोरीत त्याला नोकरी मिळाली आहे, 1 मार्चला कामावर हजर व्हायचे आहे, आणि सुमारे 700 किलोमीटर दूर हा संसार नेण्यासाठी दोघांनी 18,000 रुपये बाजूला काढले आहेत.

तेवढेच का, याचे कारण वहीच्या पहिल्या पानावर आहे. काळेवाडीच्या घरमालकाकडे त्यांचे डिपॉझिट अडकलेले आहे. ते किल्ली परत दिल्यावर, आणि तेही रंगकामाचे म्हणून एका महिन्याचे भाडे कापून घेऊन, हातात पडणार आहे. नागपूरच्या घरमालकाला मात्र डिपॉझिट आधी मोजावे लागले. भाड्याने राहणाऱ्या माणसाचे पैसे घर बदलताना असे दोन्हीकडे एकाच वेळी गुंतून पडतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात ट्रकवाला रोख मागतो.

चौकशीची सुरुवात त्यांनी सगळेच करतात तशी पॅकर्स अँड मूव्हर्सपासून केली. एका कंपनीचा माणूस घरी आला, दोन्ही खोल्या पाहून गेला आणि 34,000 रुपयांचा आकडा देऊन गेला. दुसऱ्याने घर न पाहता फोनवरच 9,500 सांगितले. आम्हाला विचाराल तर या दोन आकड्यांपैकी दुसरा अधिक महाग आहे. सामान न पाहता सांगितलेला दर हा बहुधा सामान गाडीत चढेपर्यंतचाच असतो. नंतर जिन्याचे वेगळे, टोलचे वेगळे, ‘सामान जास्त निघाले’ म्हणून वेगळे, असे करत तो वाढत जातो, आणि ज्याचे अंथरूण-पांघरूणसुद्धा त्या गाडीत आहे तो माणूस घासाघीस करण्याच्या स्थितीत राहत नाही.

(दृश्य : पहाटेचे मार्केट यार्ड. संत्र्यांनी भरलेली प्लास्टिकची क्रेट उतरवली जात आहेत.)

मार्ग सापडला तो पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. शेजारी राहणारे फळविक्रेते काका एका पहाटे नवऱ्याला तिथल्या गाळ्यावर घेऊन गेले. विदर्भात संत्र्याचे दोन बहार असतात, आणि त्यांतला मृग बहार याच दिवसांत तोडणीला येतो. काटोलकडून संत्री घेऊन आलेला चौदा फुटी टेम्पो माल उतरला की परत जाणारच असतो. डिझेल तर जळणारच, चालकाचा दिवसही जाणार. मग रिकाम्या गाडीला जे मिळेल ती त्याची कमाई. याला धंद्यात रिटर्न भाडे म्हणतात, आणि लांब पल्ल्याच्या स्वस्त वाहतुकीचे सारे गणित या एका शब्दात आहे. अर्ध्या गाडीचे, म्हणजे सात फुटांचे, 11,000 ठरले. उरलेल्या सात फुटांत दुसऱ्या कोणाचा तरी माल येणार होता.

स्वस्ताईची किंमत वेळेत मोजावी लागते. संत्री कधी विकली जातील आणि गाळेवाला गाडी कधी मोकळी करील, हे चालकाच्या हातात नसते. सोमवारी सकाळी भरायचे ठरलेले सामान मंगळवारी दुपारी भरले गेले, आणि मधला दीड दिवस हे कुटुंब गुंडाळलेल्या गाद्यांवर बसून पोहे आणि वडापाव खात होते. ज्याला ठरलेल्या तासाला निघायचे आहे त्याने रिटर्न भाड्याच्या वाटेला जाऊ नये.

आता सात फूट म्हणजे किती, ते पाहू. 11,000 रुपयांना सात फूट, म्हणजे गाडीच्या लांबीचा एक फूट सुमारे 1,570 रुपयांना पडला. सोफा आडवा ठेवला तर गाडीची पूर्ण रुंदी अडते आणि अडीच फूट लांबी जाते. म्हणजे त्याचे भाडे झाले सुमारे 3,900 रुपये. त्याच सोफ्याला खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने 2,500 रुपये देऊ केले होते. बायकोने वहीत सोफ्यावर काट मारली. सोफा तिच्या माहेरून आलेला होता, त्यामुळे ही काट मारायला तिला एक अख्खी संध्याकाळ लागली, हेही इथे नोंदवायला हवे.

ट्रकवाला घरसामानाचे वजन करीत नाही, तो जागा विकतो. वजनाची किंमत हमाल घेतात, आणि तीही मजल्यागणिक. या दोन वेगळ्या हिशेबांची गल्लत झाली की पैसे वाया जातात. रिकामा हंडा, रिकामे कपाट, रिकामा डबा गाडीत चढवणे म्हणजे हवेचे भाडे भरणे. म्हणून या घरात एकही भांडे रिकामे गेले नाही. पितळी डब्यात डाळी, प्रेशर कुकरमध्ये मसाल्याचे डबे, वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये चादरी, फ्रीजमध्ये मुलीचे स्वेटर. कपाटात पुस्तके भरण्याचा मोह मात्र टाळावा लागतो, कारण गाडीला त्याचे काही नसले तरी तीन मजले उतरवणाऱ्या चार माणसांच्या पाठीला असते. पुस्तके औषधांच्या दुकानातून आणलेल्या लहान खोक्यांत गेली. ती खोकी मजबूत असतात आणि एक माणूस उचलील एवढीच त्यांत मावतात.

काचेच्या सामानासाठी सर्वांत चांगली खोकी दारूच्या दुकानात मिळतात, कारण त्यांत बाटल्यांसाठी पुठ्ठ्याचे कप्पे केलेले असतात. सामान आवरायला मदत म्हणून आलेल्या सासऱ्यांना ते पसंत पडले नाही. शेवटी खोकी उलटी करून, छापील नावे आत जातील अशी पुन्हा चिकटवून घेतली गेली, आणि आजोबांनी स्वतःच्या हाताने त्यांवर ‘कपबश्या’ असे लिहिले.

(दृश्य : दिवाणाच्या पायाला सुतळीने बांधलेली छोटी पिशवी.)

ही पिशवी जरा जवळून पाहू. दिवाण खोलला तेव्हा निघालेले बारा स्क्रू, चार बोल्ट आणि एक वायसर तिच्यात आहे, आणि ती दिवाणाच्याच पायाला बांधलेली आहे. सगळ्या वस्तूंचे स्क्रू एका डब्यात टाकणारी माणसे नव्या घरी पहिली रात्र जमिनीवर झोपतात. बबल रॅप त्यांनी फक्त टीव्हीपुरता आणला. बाकी सगळे जुन्या साड्यांत, टॉवेलांत आणि गोधड्यांत गुंडाळले गेले, कारण या गोष्टी तशाही न्यायच्याच होत्या. थाळ्या आडव्या न रचता उभ्या ठेवल्या. वॉशिंग मशीन समोरून उघडणारे असल्याने ड्रम जखडून ठेवणारे, घेतल्या दिवसापासून माळ्यावर पडलेले बोल्ट शोधून पुन्हा बसवले. दोरी, चिकटपट्टी, सुतळी आणि टीव्हीचा तो बबल रॅप मिळून खर्च 650 रुपये.

गॅस सिलिंडर ट्रकमध्ये न्यायचा नाही. तो रेग्युलेटरसह एजन्सीत जमा केला की अनामत परत मिळते आणि टर्मिनेशन व्हाउचर हातात येते. ते दाखवून नव्या गावी नवे कनेक्शन घेता येते. या एका कामासाठी दोन चकरा झाल्या, पण त्या टाळून चालत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र थोडे थांबायला हवे, कारण इथेच बहुतेक जण डोळे मिटून घेतात. नोंदणीकृत वाहतूकदाराकडून सामान गेले तर तो बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, देतो. 2007 च्या रस्ते वाहतूकविषयक कायद्यानुसार आणि त्याखालील 2011 च्या नियमांनुसार, मालाची किंमत आधी जाहीर करून त्याप्रमाणे जादा आकार भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरती मर्यादित असते, आणि दावा लावायचा तर बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे 11,000 रुपये भाड्यावर फार तर 1,10,000. अनेकांना हे ठाऊक नसते आणि ते बिल्टी घडी करून कुठेतरी ठेवून देतात. संत्र्याच्या टेम्पोचालकाकडे तर बिल्टीच नव्हती. म्हणून नवऱ्याने साध्या कागदावर गाडीचा क्रमांक, परवान्याचा क्रमांक, एकूण 23 नगांची यादी, ठरलेली रक्कम आणि दिलेली उचल लिहून काढली. खाली दोघांच्या सह्या झाल्या. 3,000 आधी आणि 8,000 सामान उतरल्यावर. हा कागद बिल्टीची जागा घेत नाही, पण वाटेत आकडा वाढवणाऱ्याला दाखवायला पुरतो. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. तरीही यादीची एक प्रत चालकाजवळ ठेवलेली बरी.

(दृश्य : गल्लीत उभा टेम्पो. चार हमाल कपाट उतरवत आहेत.)

मंगळवारी दुपारी दोन वाजता गाडी आली. शेजारच्या बाईंनी घाईघाईने पहिल्यांदा गाद्याच खाली आणून ठेवल्या होत्या. चालक काटोलचा, वयाने पन्नाशीचा. त्याने एकदा गाद्यांकडे पाहिले आणि म्हणाला, “थांबा न वहिनी, आधी कपाट येऊ द्या.” मग पुढचा एक तास तोच या घराचा कर्ता होता. कपाट केबिनच्या भिंतीला टेकून. त्याला लागून फ्रीज, उभाच. फ्रीज आडवा घातला तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत उतरते, हे त्याने आपल्या भाषेत समजावून दिले. जड खोकी तळाला, मशीन मध्ये, आणि सगळ्या फटींत गाद्या आणि उशा, म्हणजे गाडीने खड्डा घेतला तरी लोखंड लोखंडावर आपटणार नाही. सर्वांत शेवटी झाडू, बादली, शेगडी आणि एक गोधडी. कारण शेवटी चढते ते सर्वांत आधी उतरते.

हमालांनी 2,400 रुपये घेतले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, कपाट एकदा वळणावर अडकून पुन्हा वर न्यावे लागले. ही रक्कम आम्हाला मुळीच जास्त वाटली नाही. महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठी 1969 पासून कायदा आहे, पण घरसामान उतरवणारी ही नाक्यावरची माणसे बहुधा त्याच्या बाहेरच राहतात. भाड्यात घासाघीस करणारे हे दांपत्य हमालीवर एक शब्द बोलले नाही, आणि काम झाल्यावर सगळ्यांना चहा पाजून मगच घराला कुलूप लागले.

गाडी अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर करीत जालन्यापर्यंत गेली. तिथून समृद्धी महामार्ग धरला तर नागपूर लवकर येते, पण टोल लागतो. भाडे ठरवताना टोल कोणाकडे हे बोलून घेतले नसेल तर वाद होतो तो इथेच. कागदावर ‘टोलसह’ लिहिलेले होते, त्यामुळे चालकाने आपल्या सोयीने सिंदखेड राजा, मेहकरवरून जाणारा जुना रस्ता धरला आणि सामान अर्धा दिवस उशिरा पोहोचले. त्यात त्याचे काही चुकले, असे म्हणता येणार नाही.

कुटुंब रेल्वेने निघाले. स्लीपरच्या तिकिटावर माणशी 40 किलो सामान विनामूल्य नेता येते. दोन तिकिटांवर टीव्ही सोडून जे जे फुटण्यासारखे होते ते, कागदपत्रे, देवघरातले देव आणि लोणच्याची बरणी सोबत गेली. बरणी सगळ्या प्रवासात आजोबांनी बांधून दिलेल्या फडक्यात, बायकोच्या पायांशी होती. मुलगी पाच वर्षांच्या आतली असल्याने तिचे तिकीट काढावे लागले नाही.

नागपूरला घर तळमजल्यावर आहे, म्हणून सामानाची उतरवणी 1,400 रुपयांत झाली. फ्रीज जागेवर ठेवून रात्रभर तसाच बंद ठेवला. एका ताटलीचा काठ दुमडला होता आणि कपाटाच्या दारावर एक ओरखडा आला होता. सोफ्याच्या पैशांची वाट ठरलेलीच होती. नागपूरला मार्च सरला की कूलरवाचून निभाव लागत नाही, आणि सीझन सुरू होण्याआधी तो घेतला तर थोडा कमी पडतो.

राहिली होती स्कूटर. ट्रकमध्ये तिने दोन फुटांची जागा खाल्ली असती, आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना मुळातच मनाई आहे. म्हणून ती पुणे स्थानकावरून पार्सलने रवाना झाली. आरसी बुकाची आणि विम्याची प्रत जोडली, पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी केली, वर गोणपाट बांधले, गाडीची किंमत जाहीर केली आणि पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत पत्ता लिहिला. बांधणीसह 2,100 रुपये लागले. दौंड, मनमाड, भुसावळ, वर्धा असा सुमारे 890 किलोमीटरचा हा लोहमार्ग आहे. प्रवाशाबरोबर त्याच गाडीत लगेज म्हणून नेलेली वस्तू आणि पार्सल म्हणून पाठवलेली वस्तू यांत फरक असतो. पार्सलला जागा मिळेल ती गाडी मिळते. स्कूटर पाचव्या दिवशी पोहोचली. ती वेळेत सोडवून न्यावी लागते, नाहीतर वारफेज, म्हणजे माल स्थानकावर पडून राहिल्याचा आकार, चढत राहतो.

(दृश्य : नागपूर स्थानकाबाहेरचा रस्ता. सकाळचे ऊन.)

पावती दाखवून तो स्कूटर ताब्यात घेतो आणि गोणपाट सोडून, घडी घालून डिकीत ठेवतो. टाकी कोरडी आहे. पेट्रोल पंप किती लांब आहे हे तो एका रिक्षावाल्याला विचारतो, आणि मग हँडल धरून स्कूटर ढकलत निघतो. संध्याकाळी वहीत 2,100 च्या खाली आणखी एक ओळ येते : पेट्रोल, 100. हा खर्च धरायचा राहूनच गेला होता.