दिवाळीनंतरचा पाऊस आणि बांधलेली नदी

(सांगलीत कृष्णाकाठी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलंय, बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मंडळी, सांगलीत पुराचा विषय काढला की सगळ्यांना आधी पावसाळाच आठवतो. २००५ आठवतो, २०१९ च्या ऑगस्टला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं आठवतं, ब्रह्मनाळची उलटलेली बोट आठवते, आणि २०२१ ला परत एकदा माळ्यावर चढवलेलं सामान आठवतं. ४० फुटाला इशारा आणि ४५ फुटाला धोका हे इथल्या शाळेतल्या पोरांना पण पाठ आहे. पण आज मला त्या पुरावर बोलायचं नाही. मला बोलायचंय ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या पावसावर, ज्याला आपण अवकाळी म्हणून सोडून देतो. त्यात पाणी ४० फुटाच्या आसपास पण जात नाही, सूर्यवंशी प्लॉटात कुणाला घर सोडावं लागत नाही, पेपरात बातमी येते ती तासगाव-मिरजेच्या द्राक्षांची, आणि ती यायलाच पाहिजे, कारण फळछाटणी झालेली असते, फुलोऱ्यात पाऊस घुसला की दावण्या रोग आणि घडकूज, वर्षाचं पीक दोन दिवसात जातं. पण त्याच पावसात नदीचं काय झालं हे कुणी बघत नाही.

आता नीट लक्ष देऊन ऐका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी कितीही येऊ दे, नदी मोकळी असते. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढून ठेवलेले असतात, काठावरच्या मोटारी वर घेतलेल्या असतात, नदीकाठच्या मळीच्या रानात कोण राहत नाही, धरणात सुरुवातीला तरी जागा असते. ऑक्टोबरच्या मध्याला पावसाळा माघारी गेला की आपण हे सगळं उलटं करतो. बरगे घालतो, मोटारी खाली पाण्याला टेकवतो, ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांच्या खोपी नेमक्या पाण्याजवळ पडतात कारण पाणी लागतंच की, वीटभट्ट्या पेटायला लागतात. धरणं तुडुंब भरलेली असतात. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), ती त्या वेळेला भरलेलीच पाहिजे, वीज आहे, टेंभू-ताकारी-म्हैसाळच्या उपसा योजना आहेत, उन्हाळा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण भरलेल्या धरणात वरनं आलेलं पाणी ठेवायला जागा नसते. एक टीएमसी पाणी चोवीस तासात खाली सोडायचं म्हणजे सलग ११,५७४ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, सोडावं लागतं, आणि ते बरगे घातलेल्या नदीत सोडायचं. म्हणजे पावसाळ्यातला मोठा पूर मोकळ्या नदीला येतो आणि हिवाळ्यातला लहान पूर बांधलेल्या नदीला येतो. आजचं माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

दुसरी गोष्ट, हा पाऊस बऱ्याचदा येतो पूर्वेकडनं. पावसाळ्यातला पूर घाटातनं येतो, महाबळेश्वर, पाटण, शिराळा, तिकडनं कृष्णा, कोयना, वारणा भरतात. पण बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची सिस्टीम आत सरकली की पाऊस पडतो जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, सोलापूर या दुष्काळी पट्ट्यात. २०२० च्या १३ ऑक्टोबरला असाच एक कमी दाबाचा पट्टा आंध्रात काकीनाड्याजवळ जमिनीवर आला आणि तेलंगणा, कर्नाटक ओलांडून आपल्या डोक्यावरनं अरबी समुद्रात गेला, सोलापूर-पंढरपूरची काय अवस्था झाली ते सगळ्यांनी बघितलंय. मग भरतं कोण, तर येरळा, अग्रणी, माण आणि आपले गावोगावचे ओढे. आणि या नद्यांची पात्रं तर वर्षातले बरेच महिने कोरडी, म्हणून त्यात कुणी रस्ता केलाय, कुणी बांध सरकवलाय, कुठं पाच फुटी नळ्या टाकून ओढा गाडलाय.

त्यात आपली काळी जमीन. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा असतात, पहिला पाऊस त्या भेगातच मुरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला तीच जमीन चार महिने पाणी पिऊन फुगलेली, भेगा मिटलेल्या. मग चार इंच पाऊस झाला तर तो मुरत नाही, तडक ओढ्याला लागतो.

आता बंधाऱ्याचं सांगतो, कारण जरा जवळनं बघितल्याशिवाय हे कळत नाही. कोल्हापुरी बंधारा म्हणजे नदीत ओळीनं खांब, खांबांना खाचा, आणि त्या खाचात एकावर एक बरगे. पूर्वी लाकडी बरग्यांच्या दोन ओळी लावून मधे माती ठासायचे, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी बरगे आणि रबरी पट्टी. हे काढायचे कसे, तर वरच्या स्लॅबवर उभं राहून, आकडा खाली सोडायचा, बरग्याच्या कडीत अडकवायचा आणि चेनपुलीनं ओढायचं. शांत पाण्यात सुद्धा एकेक बरगा जोर काढतो, कारण मागनं पाण्याचा दाब त्याला खाचेत दाबून धरतो, शिवाय गंज, गाळ, काटक्या. आणि पाऊस रात्री येतो. माणसं मोबाईलच्या उजेडात कडी शोधतात, वरनं केंदाळाचे, म्हणजे जलपर्णीचे, गालिचे वाहत येऊन बंधाऱ्याला चिकटतात, त्यात उसाचं पाचट, झाडाच्या फांद्या. एकदा का पाणी स्लॅबवरनं गेलं की तिथं उभं राहायचंच नाही, कितीही धाडसी माणूस असू दे. मग राहिलेले बरगे तसेच राहतात. पाण्याला समोरनं वाट नाही म्हटल्यावर ते बगलेनं जातं, म्हणजे बंधाऱ्याचं बांधकाम जिथं काठाला भिडतं तिथली माती कापत जातं. सकाळी बघावं तर बंधारा जागच्या जागी उभा, आणि नदी त्याच्या शेजारनं कुणाच्या तरी रानातनं वाहतेय. त्या रानाचा मालक रोज उठून तलाठ्याकडं जातो, पण वाहून गेलेल्या जमिनीचा पंचनामा आणि भिजलेल्या पिकाचा पंचनामा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली फार अवघड आहे.

आणि काठ पाणी चढताना कमी ढासळतो, उतरताना जास्त ढासळतो. पाणी चढलं की काठाची माती आतपर्यंत भिजते, पण बाहेरच्या पाण्याचा आधार असतो म्हणून ती उभी राहते. पाणी भराभर उतरलं की बाहेरचा आधार गेला, आतलं पाणी अजून आतच, माती जड झालेली, आणि मग काठाला समांतर एक बारीक चीर पडते. ती चीर दिसली की तिच्या नदीकडच्या बाजूला पाय ठेवू नका, मोटार काढायला पण जाऊ नका. दुपारपर्यंत तो सगळा तुकडा, उसासकट, झाडासकट, खाली बसतो. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या पट्ट्यात नदी वळणावळणानं जाते, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला हे सारखं होतं. ती माती म्हणजे आपल्या कृष्णाकाठच्या वांग्यांची माती, ती परत मिळत नाही. ती जाऊन बसते खालच्या बंधाऱ्याच्या पोटात, बरगे लावलेलेच असतात ना, पुढं जाणार कुठं.

इंग्लंडमध्ये तर पूर येतात तेच हिवाळ्यात. २०१३-१४ चा हिवाळा तिथल्या १७६६ पासूनच्या नोंदीतला सगळ्यात ओला. २०१५ च्या ५ डिसेंबरला कंब्रियात होनिस्टर इथं एका दिवसात ३४१.४ मिलिमीटर पाऊस झाला, पूली ब्रिज गावचा १७६४ सालचा दगडी पूल वाहून गेला, त्याच महिन्यात यॉर्कशायरमध्ये एलंड इथं जुना पूल पडला आणि नावा चालायचा कालवा गाळानं, मोडतोडीनं बंद झाला. पण तिथं हिवाळा म्हणजेच पुराचा सीझन हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं आहे, लोक आणि यंत्रणा त्या हिशोबानं जाग्या असतात. आपल्याकडं ऑक्टोबर संपला की कंट्रोल रूमचा फोन थंड होतो.

(यानंतर प्रश्न झाले. त्यातले दोन इथे घेतले आहेत.)

एका दादांनी विचारलं की नदीतला गाळ काढला तर प्रश्न सुटेल का, आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं काय. दादा, अलमट्टीचा वाद पावसाळ्यातल्या महापुराचा आहे, तो महत्त्वाचा आहे, पण येरळेच्या ओढ्यातलं नोव्हेंबरचं पाणी अलमट्टीमुळं तुंबत नाही. गाळाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या सपाट भागात २०१४ ला पॅरेट आणि टोन नद्यांचा ८ किलोमीटर गाळ काढला, तिथं लोकांची मागणीच ती होती. पण सपाट नदीत गाळ परत येऊन बसतो, काढणं कायम चालू ठेवावं लागतं. आपल्याकडं बंधाऱ्याच्या पोटातला गाळ जरूर काढा. मात्र गाळाच्या नावाखाली जेसीबी काठाला लावून माती ओढली तर काठ उभा कापला जातो आणि पुढच्या पावसात हमखास बसतो. त्याआधी माझी मागणी साधी आहे. वरचे एक-दोन बरगे नोव्हेंबर संपेपर्यंत घालू नका, प्रत्येक बंधाऱ्याचे मधले दोन-तीन गाळे, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या जागा, तरी वर उचलायच्या दारांचे करा, आणि चेनपुली कुणाच्या ताब्यात आहे, रात्री फोन कुणाला करायचा, हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवा. पाऊस यायचा अंदाज आता दोन-तीन दिवस आधी मिळतो, दिवसाउजेडी बरगे काढायला तेवढा वेळ पुरतो.

एका ताईंचं रान वळणावर आहे, दरवर्षी काठ आत सरकतोय, भिंत बांधावी का असं त्या विचारत होत्या. ताई, एकट्याच्या रानाला भिंत बांधली तर पाणी भिंतीच्या टोकाला जाऊन शेजाऱ्याचं रान कापतं आणि तुमची भिंत मागनं पोकळ होते. खर्च पण झेपणारा नाही. ऊस अगदी कडेपर्यंत लावताय ते आधी थांबवा, उसाची मुळं वरवरची, ती काठ धरत नाहीत. काठापासून दहा-पंधरा फूट नांगर घालू नका, तिथं वाळा आणि बांबू लावा, जरा मागं करंज. वाळा खालच्या उताराला, बांबू वर. ठिबकचं आणि पाटाचं जादा पाणी काठाकडं सोडू नका, ते आतनं माती भिजवतं. लावण जूनच्या पहिल्या पावसाला करा म्हणजे रोपं धरतील, आणि शेजारच्या दोन-तीन जणांना बरोबर घ्या, कारण सलग पट्टा झाला तरच त्याचा उपयोग होतो.