गुरुवारची गोळी

नमस्कार, श्रोतेहो. सकाळी उठावं तर बोटं आखडलेली, मूठ वळत नाही, दाराची कडी निघत नाही. तासाभरानं हात जरा सैल होतो. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस ज्यांना आहे त्यांना हे काही नवं नाही. आज बोलायचंय ते त्यांच्या औषधांच्या डब्यातल्या एका गोळीबद्दल, मेथोट्रेक्सेटबद्दल.

ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. घोटाळा होतो तो इथंच. बीपीची गोळी रोज, साखरेची रोज, मग हीसुद्धा रोजचीच, असं घरचे धरून चालतात. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घसरतात आणि थोड्याच दिवसांत जिवावर बेतू शकतं. म्हणून वार ठरवून टाका. गुरुवार करणाऱ्या आजींची गोळी गुरुवारची, रात्री उपवास सोडल्यावर. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून वारच लिहून घ्या. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही बऱ्याचदा पिवळीच असते, तेव्हा रंगावर जाऊ नका, नाव वाचा.

"अहो, हे तर कॅन्सरचं औषध!" मोबाइलवर वाचून कुणीतरी घाबरवतंच. खरं आहे ते. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या औषधांवर काम करत होते, त्याच घराण्यातलं हे. पण आमवातात मात्रा फार कमी, साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम, तीही आठवड्याची.

गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात. तोवर डॉक्टर थोडं स्टेरॉइड देतात. त्यानं दोन दिवसांत बरं वाटतं, आणि लोक नेमकं तेच चालू ठेवून खरं औषध सोडतात! पेनकिलरचंही तसंच. ठणका थांबतो, पण आत सांधा झिजायचा तो झिजतोच.

रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या चुकवू नका. दारू टाळा. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, गरोदरपणात हे औषध चालत नाही. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कुणी को-ट्रायमोक्सॅझोल लिहून दिलं, तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे तिथंच सांगा. ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला किंवा धाप, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठा.

आणि गुरुवार चुकलाच, तर शुक्रवारी-शनिवारी घेतलेली चालते. रविवार उजाडला असेल तर पुढच्या गुरुवारपर्यंत थांबा. दोन वेळची गोळी एकदम मात्र घेऊ नका.